उंबराखालचा उलटा पिक्चर

एका जंगलात एक उंबर होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका, पोरांनो. मधे मधे विचारणाऱ्याला गोष्ट ऐकू येत नाही.

उंबर थोराड होता. खाली जंगलाची सभा भरायची आणि वर वटवाघळं लटकायची. सभेतल्या एकानेही कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तरी वर काय चालतं ते सगळ्यांना माहीत होतं. न बघितलेलंच फार पक्कं माहीत असतं.

काय माहीत होतं? तर वटवाघळं अवलक्षणी असतात. वटवाघळं चोर असतात. आणि वटवाघळं ज्या तोंडाने खातात त्याच तोंडाने हगतात. हसताय काय? तुमच्या घरीही असंच सांगतात.

त्या साली झाडाखाली पडलेली उंबरं गायब व्हायला लागली. सभा बसली. सरपंच होते आप्पा माकड. गाल सदा टम्म फुगलेले. दाढ दुखते म्हणायचे. बारा महिने दुखायची.

"वरच्यांचं काम आहे," आप्पा म्हणाले. दाढेमुळे शब्द जरा चिकट यायचे. "अमावास्येला संध्याकाळी धूर करू. जातील."

ठराव झाला. झाडाखाली पाचोळ्याचा हा एवढा ढीग घातला. गुराख्याच्या चुलीतून पेटतं लाकूड उचलून आणायचं काम घारीला दिलं.

वर सांजी नावाची एक वटवाघळीण लटकली होती. तिचं पोर चिमटू तिच्या छातीला चिकटलेलं. त्याला अजून उडता येत नव्हतं. झाडावर तसली पोरं पुष्कळ होती. धूर झाला की मोठी उडून जातील, आणि पोरं टपाटप विस्तवात पडतील. एवढं समजायला सांजीला सभेत बसायची गरज नव्हती.

ती खाली आली. "सरपंच, पोरं उडायला लागेपर्यंत तरी थांबा."

"उडायला लागली की तीही चोऱ्या करतील," आप्पा म्हणाले.

"एकदा वर बघा तरी, आम्ही कसे राहतो ते."

"वर बघितलं की मान अवघडते," गवा म्हणाला. तो अंगाने मोठा होता, म्हणून त्याचं म्हणणं लोक विचारपूर्वक ऐकायचे.

"मग मी खाली आणून दाखवते," सांजी म्हणाली.

जंगल बघायला आलेली माणसं एकमेकांचे फोटो काढून परत गेली होती, आणि जाताना एक कॅमेरा न् एक पांढरी चादर विसरली होती. सांजीने कॅमेरा गळ्यात अडकवला. ती माहितीपट काढणार होती. माहितीपट म्हणजे ज्यात नाच नसतो तो पिक्चर.

"मला झोपलेली दाखवू नकोस हं," तिची आजी लोंबाई म्हणाली.

"आजी, आपण दिवसभर झोपतोच."

"म्हणून तर सांगते."

अमावास्या आली. दिवस कलला. पाचोळ्याच्या ढिगाशेजारी चादर टांगली. करवंटीत काजवे बसवले, पुढे कॅमेऱ्याची काच धरली, आणि पिक्चर सुरू झाला.

सुरुवातीलाच घोटाळा.

पडद्यावर वटवाघळं होती, पण फांदीवर पाय रोवून ताठ उभी. आणि वरती, आभाळाच्या जागी, जमीन. त्या जमिनीला सभा लटकत होती. आप्पा लटकत होते. गवा लटकत होता. कासवतात्याही चारी पायांनी जमीन धरून लटकत होते.

"आम्हाला उलटं टांगलं," आप्पा ओरडले. "हा सभेचा अपमान आहे."

सांजीने आधी पडद्याकडे बघितलं, मग सभेकडे. तिने लटकून पिक्चर घेतला होता. कॅमेरा सरळच धरला होता, म्हणजे तिच्या मते सरळ. तिला सभा जन्मापासून तशीच दिसत आली होती. खालच्यांना आपण वेगळे दिसत असू, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला जसं दिसतं तसं घेतलं," ती म्हणाली.

"करवंटी उलटी कर," ससा म्हणाला.

"आम्ही सांडू," काजवे म्हणाले.

आप्पा आनंदाने उठले. "झालं तर मग. घारीला बोलवा."

तेवढ्यात झिप्रूकाका बोलले. झिप्रूकाका म्हणजे अस्वल. मघापासून ते पडद्यावर स्वतःलाच शोधत होते. "थांबा हो. मी दिसतोय त्यात. पण नीट दिसत नाही."

ते उठले, खालच्या फांदीला मागचे पाय अडकवले आणि डोकं खाली सोडलं.

"हां. आता सरळ दिसतोय," झिप्रूकाका लटकून म्हणाले. "आणि देखणा दिसतोय बरं का."

मग काय विचारता. प्रत्येकाला आपलं तोंड सरळ बघायचं होतं. ससे लटकले. खारी लटकल्या. गव्याला पेलणारी फांदी नव्हती, म्हणून तो पाचोळ्याच्या ढिगावर उताणा पडला, चारी खूर आभाळाकडे. कासवतात्यांना चौघांनी उताणं केलं. "नंतर सरळ करा म्हणजे झालं," ते म्हणाले. साळिंदर तेवढं एकटंच मागे राहिलं. ते काटे फेकून मारतं असं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्याजवळ कुणी लटकायला तयार नव्हतं.

आप्पा अजून बसलेलेच. "माझी दाढ..."

"आप्पा, जंगल उलटं आणि सरपंच सरळ, हे शोभत नाही," गवा ढिगावरून म्हणाला.

आप्पा नाइलाजाने लटकले. ओठ घट्ट मिटून.

पिक्चर पुढे गेला. हा भाग घेताना सांजीने कॅमेरा शेजारच्या फांदीला टांगून ठेवला होता. पहाटेला एक आई फळ खाऊन परत आली. फांदीवर पोरंच पोरं, सगळी एकसारखी. तिने एक हाक दिली. त्यातलं एकच ओ देऊन पुढे झालं. तो चिमटू होता. सांजीने त्याला चाटून काढलं आणि पंखाखाली घेतलं. झिप्रूकाकांना रडू फुटलं. पाणी गालावरून न येता कपाळावर गेलं, म्हणून कुणाला दिसलं नाही असं त्यांना वाटलं.

"हिचंही पोर आपल्या पोरांसारखंच चिकट आहे की," एक ससेबाई म्हणाली.

मग लोंबाई आजी आली. झोपलेलीच. जागी झाली. हाताच्या अंगठ्यांनी फांदी धरली, पाय सोडले, डोकं वर करून सरळ झाली, आपलं काम उरकलं, आणि पुन्हा पाय वर करून झोपली.

सशाने डोळे चोळून पुन्हा बघितलं.

"म्हणजे दुसरीकडूनच," ससा म्हणाला.

"तेही सरळ होऊन," गवा म्हणाला. "मी तर चालता चालता करतो."

"सांजे, हे कशाला घेतलंस गं," वरून लोंबाईचा आवाज आला.

जंगल जे हसायला लागलं ते थांबेना. उलटं हसू पोटातून खाली येतं, त्याला आवरायला काही नसतं. कासवतात्या हसता हसता गरागरा फिरले. आप्पांनी खूप वेळ दम धरला. पण तात्या फिरताना बघून त्यांचंही तोंड उघडलं.

टप.

एक उंबर गव्याच्या पोटावर पडलं. मग दुसरं. मग गालांतला सगळा साठाच रिकामा झाला.

"दाढ पडली वाटतं," आप्पा म्हणाले. शब्द एकदम स्वच्छ आले.

तेवढ्यात वर घार घिरट्या घालू लागली. पंजात पेटतं लाकूड. "लवकर बोला. पाय भाजतायत. टाकू का?"

सांजीने चिमटूला पंखात आवळलं.

"बाई," गवा ढिगावरून म्हणाला, "खाली मी आहे."

घारीने लाकूड ओढ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सभेने ठराव केला. वटवाघळांनी न केलेली चोरी सभेने मोठ्या मनाने माफ केली. उंबरं जागच्या जागी परत दिल्याबद्दल आप्पांचा सत्कार झाला. लोंबाई आजीला सभेचं सदस्य करून घेतलं. चिमटू आईच्या अंगावरून सुटून फांदीपर्यंत उडाला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा नीट लटकला.

"आता या पाचोळ्याचं काय करायचं?" ससा म्हणाला. "एवढा गोळा केलाय."

"साळिंदराच्या बिळाच्या तोंडाशी सरकवा," आप्पा म्हणाले. गाल पुन्हा जरा भरले होते.

"बरोबर आहे," वरून नव्या सदस्याचा आवाज आला. "साळिंदरांचं काही सांगता येत नाही. काटे फेकतात. मी स्वतः ऐकलंय."

सांजीने आजीकडे बघितलं. खाली ढीग सरकत होता. तिने कॅमेरा गळ्यात अडकवला.

"कुठं निघालीस?"

"साळिंदराच्या बिळात. आणि आजी, हा पिक्चर तुला खाली जमिनीवर बसून बघायचाय. डोकं वर, पाय खाली."

"अगं बाई. चक्कर येईल मला."

"येऊ दे," सांजी म्हणाली.

तात्पर्य: दुसऱ्यांबद्दलचं आपलं मत टिकवायचं असेल, तर पिक्चर बघताना खुर्ची सोडू नये. आणि गालात काही असेल तर हसूही नये.