ओककाका आणि ब्रिटनचा भोपळा

मी सलग तीन वर्षं मोल्दोव्हा होतो. माझी बायको केतकी एकदा नॉर्वे आणि दोनदा सायप्रस. हे देश आम्ही निवडले नव्हते. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे ओककाका ते दर मे महिन्यात वाटतात. युरोपभरच्या देशांची गाण्यांची जी मोठी स्पर्धा टीव्हीवर लागते, तिच्या फायनलला काकांकडे जायचं, तर आपल्या देशाचा एक पदार्थ न्यायचा आणि आपल्या देशाचं गाणं लागलं की उभं राहायचं. मोल्दोव्हात काय खातात ते मला अजूनही माहीत नाही. मी दरवर्षी बटाटेवडे नेले. "मोल्दोव्हन वडे!" असं गंभीरपणे जाहीर करून काका त्यातले चार खायचे.

काका मूळचे सांगलीचे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आयुष्य गेलं. "अर्ध्या हॅम्पशायरला मी वर नेलंय," म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच सांगतात. घरामागे कंझर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, बांधायची राहून गेली, हे सांगतात त्याच सुरात.

गाणी चालू असताना त्यांच्या घरात बोलायला बंदी. निकालावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ज्युरी झोपते आणि जनता चुकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कौन्सिलने आमच्या रस्त्याचा कचरा उचलायचा वार बदलला, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

यंदा ब्रिटनने एक जोडी पाठवली. कॅलम नावाचा लालसर दाढीचा मुलगा आणि बेथन नावाची वेल्सची ठेंगणी मुलगी. दोघांचं पॉप ड्युएट. गाणं बरं होतं. बरं म्हणजे सुपरमार्केटमध्ये वाजलं तर आपण दूध शोधणं थांबवणार नाही, इतपत बरं. पण काकांचा जीव त्या दोघांत अडकला. मार्चपासून भिंतीपलीकडे तेच गाणं. इथेच वाढलेली माझी आठ वर्षांची रेवा दप्तर टाकता टाकता तिच्या मोडक्या मराठीत सांगायची, "बाबा, काकाचा गाणं परत चालू झाली."

एका शनिवारी मी मागे गवत कापत होतो, तर काका कुंपणावरून डोकावले.

"समीर, मशीन बंद कर. त्या पोराचं काय चुकतंय सांगू? तो तिच्या श्वासावर चढतो. तिचा श्वास पुरा होऊ द्यायला हवा की नाही?"

"काका, त्यांना शिकवायला माणसं असतील की."

"असतील. पण ती माणसं बघतात केसांकडे."

मग त्यांनी श्वासाबद्दल टीव्हीवाल्यांना सविस्तर ईमेल केली. पाचव्या मिनिटाला 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. काकांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. "बघ, वाचलं त्यांनी. लगेच वाचलं."

फायनलला आम्ही तिघं होतो आणि माझ्या ऑफिसमधला नागपूरचा निखिल होता. तो यंदा नव्याने लिथुआनिया झाला होता. ब्रिटनच्या वेळेला काका स्वतः उठून उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे. पहिल्या कडव्यातच बेथनचा सूर घसरला. तो सावरायला कॅलम मोठ्याने गायला लागला आणि मग दोघंही घसरले. काकांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

ज्युरींनी दोन-चार मार्क टाकले. मग जनतेच्या मतांची वेळ आली आणि निवेदिकेने ब्रिटनकडे बघत हळहळून सांगितलं: शून्य. स्वतःच्या शून्यावर हसणं हा इथला राष्ट्रीय छंद आहे, आणि निखिल इथे येऊन वर्षभरात तो शिकला होता.

"काका, भोपळा! अख्खा भोपळा!" तो टाळ्या पिटत ओरडला. मीही हसलो. केतकीसुद्धा.

काकांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. कोण जिंकलं ते अजून कळायचं होतं.

"चला, निघा आता," ते म्हणाले. "डबे घेऊन जा आपापले."

आम्ही चोरासारखे बाहेर पडलो. निखिल मला विचारत होता, "दादा, मी काही चुकीचं बोललो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीने शिरा करून माझ्या हातात दिला. "जाऊन बघून ये," म्हणाली. काकांनी दार उघडलं, आत वळले आणि मीही मागोमाग गेलो. टीव्हीवर आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग थांबवलेलं होतं.

"बस. हे बघ."

त्यांनी ते पुढे चालू केलं. आम्ही रात्री न पाहिलेला भाग होता तो. शून्य जाहीर झाल्यानंतर कॅमेरा त्या जोडीवर गेला होता. सोफ्यावर बेथनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाटलं, रडतेय. पण तिचे खांदे हलायला लागले आणि कळलं की ती हसतेय. कॅलमने तिच्याकडे पाहिलं, तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तोही खो-खो हसत सुटला. शेवटी हसता हसता दोघांनी एकमेकांचे डोळे पुसले.

"दोघं असले की भोपळासुद्धा वाटून घेता येतो," काका म्हणाले.

त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"मला कंपनीने रिडंडंट केलं ना, कामावरून कमी केलं, तेव्हा घरी आलो, किटली लावली, आणि लक्षात आलं की हे सांगायचं कुणाला? सांगलीला फोन करावा, तर तिकडे निजानीज. सकाळी दूधवाला आला, त्याला दारात गाठून सांगितलं."

"मग?"

"तो म्हणाला, 'सो सॉरी, माधव. दूध अर्धं करू का?'"

मी हसलो. सांगितलंही त्यांनी हसण्यासारखंच होतं. काका शिऱ्यातला बेदाणा चमच्याने बाजूला करत बसले होते.

जुलैमध्ये ती जोडी जवळच्या एका गावात, पार्कमधल्या फुकटच्या जत्रेत गायला येणार असल्याचं काकांना कळलं. त्यांनी कधी नव्हे ते विचारलं, "रविवारी गाडी मोकळी आहे का रे?" आम्ही चौघं गेलो. पाऊस भुरभुरत होता. स्टेजपुढे जेमतेम तीसेक माणसं. बर्गरच्या रांगेत त्याहून जास्त. काका सगळ्यांत पुढे, इतक्या जोरात टाळ्या वाजवत होते की बेथनने मध्येच त्यांना हात केला.

गाणं संपल्यावर दोघं खाली उतरून लोकांशी बोलत होते. काकांनी वाटेत गाडीत श्वासाबद्दलचं अख्खं भाषण तयार केलं होतं. समोर उभे राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. बेथनने त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "एवढ्या पावसात एकटेच आलात?"

काकांनी मागे वळून पाहिलं. मी त्यांची घडीची खुर्ची धरून उभा होतो, केतकी रेवाचं नाक पुसत होती.

"नो, नो," काका म्हणाले. "दॅट्स माय लॉट, ओव्हर देअर."

'माय लॉट' म्हणजे आमच्या घरची मंडळी. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीकडे.

मग आम्ही परतलो. काका घराशी उतरले, "थँक यू हं, लिफ्टबद्दल," म्हणाले आणि आत गेले. केतकीने पिठलं टाकलं, भात लावला, चार ताटं घेतली.

"हाक मार त्यांना," ती म्हणाली.

मी बेल वाजवली आणि दार तत्क्षणी उघडलं. काका दाराजवळच्या स्टुलावरच बसलेले होते. अंगात ओला कोट, पायात बूट, तसेच.

"काका, जेवायला चला."

"आलोच," म्हणाले, आणि खरोखरच लगेच आले.