हातावरचा अर्धा मजकूर

पेंटरकाकांनी तिसरं कार्ड हरवलं, तेव्हा काकूंचा संयम संपला. हृदयाची झडप बदलल्यापासून काकांना रक्त पातळ करणारी गोळी जन्मभरासाठी लागली होती. कुठे पडलेधडपडले तर लोकांना कळावं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलेलं कार्ड खिशात ठेवायला सांगितलं होतं. पहिलं धुण्यात गेलं, दुसऱ्याचा पत्ताच लागला नाही. तिसऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काकांनी एका दुकानदाराला ‘श’ची गाठ कशी काढतात ते दाखवलं आणि कार्ड तिथेच ठेवून आले.

"आता तुमचं कार्ड म्हणजे मी," काकू म्हणाल्या. "जाल तिथे बरोबर येणार."

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला ही शिक्षा भारीच होती. काका फिरायला जात ते पाट्या बघायला. प्रत्येक दुकानासमोर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या वेलांट्यांना नावं ठेवायची. काकू मात्र भराभर चालत आणि दर पाटीपाशी "चला" म्हणत. आठवड्याभरात काका मेटाकुटीला आले आणि त्यांनी ठरवलं, मजकूर हरवणार नाही अशा जागी लिहायचा. काकूंच्या दुपारच्या झोपेत ते टॅटूच्या दुकानात पोचले.

"काय लिहायचंय, काका?" टॅटूवाल्या मुलीने विचारलं.

"रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे."

"खरंच चालू आहे?"

"मग काय खोटी पाटी लावून फिरू?"

मुलीने हातमोजे काढून ठेवले. "मग नाही जमणार. रक्त थांबलं नाही तर? डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

"अगं, गोळी चालू नसती तर हे लिहायचं कशाला होतं?"

मुद्दा बिनतोड होता, पण मुलगी बधली नाही. दुसऱ्या दुपारी काका डॉक्टरीणबाईंसमोर ठाण मांडून बसले.

"माझं विचाराल तर नकोच," त्या म्हणाल्या. शेवटी रक्ताची तपासणी ठीक आल्यावर त्यांनी नाइलाजाने चिठ्ठी दिली. "गोळी एक दिवसही चुकवायची नाही. अक्षरं बारीक, एका रेघेची. रक्त जास्त आलं की तिथेच थांबायचं."

मुलीने चिठ्ठी वाचून कागदावर बारीक अक्षरं काढली. काकांनी ती चष्मा वर-खाली करून पाहिली.

"ही रस्त्यापलीकडून वाचता येतील?"

"काका, हात आहे हा! रस्त्यापलीकडून कोण वाचणार?"

"पडलेल्या माणसाजवळ कोण येतं लगेच? लांबूनच बघतात सगळे."

काकांनी पेन घेतलं आणि ठळक, भरीव अक्षरं काढून त्यांना उजवीकडून तिरकी सावली दिली. वर्षभर फुलपाखरं काढून कंटाळलेली ती मुलगी बघतच राहिली.

"काय ‘क्त’ आहे हो, काका!"

"सावली शिरोरेघेलाही दे. नाहीतर अक्षर उठत नाही."

दोन कारागीर एकत्र आले आणि चिठ्ठी राहिली बाजूला. ‘क्त’ची सावली पूर्ण होईपर्यंत कापसाचे बोळे लालेलाल झाले होते. मुलीने मशीन बंद केलं.

"बास! इथेच थांबायचं."

"अगं, वाक्य अर्धवट आहे!"

"असू दे."

पाऊण तास हात दाबून धरल्यावर रक्त थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी बांधली, यथेच्छ झापलं आणि तीन महिने सुईला हात लावायचा नाही असं बजावलं. काकांच्या हातावर आता टपोऱ्या, सावलीदार अक्षरांत एकच शब्द होता: रक्त.

काकूंनी तो पाहिला. "काही झालं असतं तर? मी काय केलं असतं?" एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. काकांना फार वाईट वाटलं. तरी चार दिवसांनी पट्टी सुटली तशी ते एकटेच बाहेर पडले. बागेतल्या बाकावर शेजारच्या गृहस्थांनी त्यांचा हात वाचला आणि ते दूरच्या बाकावर जाऊन बसले. दुकानात रांगेतल्या बाईंनी आपणहून त्यांना पुढे जाऊ दिलं आणि पर्स छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी काकू तयार होऊन दारात उभ्या. "अर्धं वाक्य घेऊन एकटे फिरू नका. बाकीचं मी सांगते."

आणि त्या सांगू लागल्या. "घाबरू नका हो, पुढचं राहिलंय. पातळ करणारी गोळी चालू आहे, असं आहे ते." लोक हसत, सरकून जागा देत, मग आपापल्या गोळ्या सांगत. काकू सगळ्यांची चौकशी करत. काका आधी चिडले, मग ऐकू लागले. महिन्याभरात त्यांना काकूंच्या बडबडीची चक्क गोडी लागली, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी हात तपासला. "जखम छान भरली आहे. उरलेलं करायचं असेल तर आता करा. पण बारीक अक्षरात!"

काकू पर्सची चेन उगाच उघडत आणि लावत राहिल्या.

काकांनी बाही खाली ओढली. "नको. बाकीचं हिला पाठ आहे."