दसऱ्याचे दिवशी राजे दाराबाहेर राहिले, ते वर्तमान

श्री. जो सर्वांस जाणतो, आणि आपणांस कोण जाणतो हे कोणास पुसत नाही, त्यास नमन करोन लिहितो. शके सतराशे एकोणीस, पिंगल नाम संवत्सरी, एका दौलतीचे धनी भुजंगराजे होते. त्यांपाशी जर्मन मुलुखींचा एक पंडित येऊन राहिला, आणि बोलिला की, "महाराज, 'मी' म्हटले की मी उभा राहतो, त्यास दुसऱ्याचा टेकू लागत नाही." राजे बहुत खूष जाहले. तों त्याच साली राजियांचे तोंडवळ्याचा एक तोतया किल्ल्यांत शिरला, आणि दोन दिवस मेजवान्या झोडून गेला. काय सांगावे! मग राजियांनी धसका घेऊन हुकूम फर्माविला की, तोंड पाहोन कोणास आत सोडू नये; येणाराहून थोर असेल त्याने ओळख द्यावी, तरच दार उघडावे.

मग दसऱ्याचे सकाळी राजे पंडितास घेऊन नदीस स्नान करोन आले, आणि पाहतात तों दार बंद, पहाऱ्यास गोंदाजी नाईक.

"कोण?"

"अरे, मी!"

"मी तो मीही आहे, बाबा. ओळख कोण देतो?"

"सकाळी तूच ना मुजरा केलास?"

"गेले ते महाराज खरे. आले ते कोण, हे म्या कैसे सांगावे?"

राजियांनी पंडिताकडे पाहिले. पंडित म्हणाला, "मला माझा मी तेवढा ठाऊक." आणि आत पहिली नौबत झडली. दसऱ्याचे दरबारचा रिवाज ऐसा की, दुसरी नौबत होईतों गादी रिकामी राहिली तर चुलतबंधूंनी बसावे. राजे दारास भिडोन म्हणाले, "नाइका, राजाहून थोर आणू कोठून?" "हुकूम मोडला तर माझी मान जाईल," गोंदाजी म्हणाला. मग राजे 'मी, मी' म्हणत राहिले, दार हलेना, आणि दर खेपेस तो शब्द परका वाटों लागला, आणि म्हणणारा आपण की तोतयाच, ही धास्ती जिवास लागली.

मग राजियांनी पागोटे उतरोन गोंदाजीचे पायांशी ठेविले. "आज तू थोर. सांग बाबा, मी कोण?"

गोंदाजीचे डोळे भरोन आले. "वीस वर्षे दारी सर्वांस 'कोण' म्हणोन पुसतो, मजला कोणी माणसांत धरिले नव्हते," ऐसे बोलोन त्याने पागोटे राजियांचे मस्तकी ठेविले, आणि हाक दिली, "दार उघडा, धनी आले!"

ऐसी गादी राखली. परंतु तेव्हापासोन राजे दर दरबारी गोंदाजीस बोलावोन हळूच पुसत, आणि उत्तर मिळे तोंवर बसत नसत. पुढे एके दिवशी गोंदाजी तापाने निजला. त्या दिवशी राजे सांजेपावेतों गादीशेजारी उभेच होते. घडले इतके कागदी उतरले.