चिखलदऱ्याला दोन कॅन पाणी

मे महिन्यात अख्खं अमरावती थंड हवा खायला चिखलदऱ्याला जातं. सोबत चादरी, चिवडा, पत्त्यांचा कॅट. आमचे शेजारी तायडे काका पाणी घेऊन जातात. प्यायची बाटली नव्हे हो, वीस-वीस लिटरच्या दोन कॅन, झाकणाला फडकं बांधलेल्या. परतवाड्याहून जीपमध्ये कॅनसाठी वेगळी सीट घेतात, आणि ड्रायव्हर हसला की त्यालाच दटावतात, "पासिंजर हाय तो. नीट बसव त्याले."

काका बसचे कंडक्टर होते, सगळी नोकरी याच रस्त्यावर. रिटायर होऊन जमाना झाला, पण माणूस अजून बसमधून उतरलेला नाही. लग्नाच्या पंगतीतही म्हणतात, "पुढं सरका, मागं जागा करा." सातपुड्याचं हवामान त्यांनी मला जसं समजावलं तसं शाळेत कोणी समजावलं नाही.

"हे पाय, ढगं निंगतात तिकडून समुद्रावरून. आपलं रान सपाट, कोन अडवनार त्याईले? थेट एमपीत जाऊ म्हनतात, बिनतिकिटाचे. पहाड अडवते. वर चढले का गार पडतात, अन् मंग उतरा म्हन्ते सारे खाली. तेच पानी सापन नदीतून, आपल्या इकडच्या चंद्रभागेतून येते. परतवाड्याच्या संत्र्याले, आपल्या विहिरीले, पार तुमच्या अकोल्याकडच्या पूर्णेले."

"आणि वर काय राहतं?"

"वर दगड. थेंब थांबत नाही. उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात."

मी मूळचा अकोल्याचा, उन्हाचं मला कोणी सांगू नये. तरी पहाडावर पाणी नेणं म्हणजे मला निव्वळ येडेपणा वाटायचा, आणि तसं मी तोंडावर बोललोही. काकांना राग आला नाही. "त्याईचंच हाय. वापस करून राह्यलो," म्हणाले.

यंदा काकांचे गुडघे गेले. काकू जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटे. पुण्याच्या मुलानं फोनवरूनच चिखलदरा बंद करून टाकला. काका दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या गाडीशेजारी दोन कॅन आणि त्यांच्या शेजारी काका. मी चडफडतच डिकी उघडली.

घाटात त्यांनी खरी गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांपूर्वी असाच मे होता. वर पठारावर बस तापून बंद पडली. काका रेडिएटरसाठी पाणी मागायला कोरकू आदिवासींच्या वस्तीत गेले. फुलमती नावाच्या बाईनं कशाला हवं ते विचारलंसुद्धा नाही, भरलेला हंडा उचलून दिला. काकांनी तो रेडिएटरमध्ये ओतला. रिकामा हंडा द्यायला गेले, तर ती दुसरा हंडा घेऊन दरीकडे निघालेली, भर दुपारची. घरात तेवढंच पाणी होतं.

"लोकं खोळंबले व्हते. मी घंटी देल्ली अन् निंगालो," काका म्हणाले. "एका शब्दानं बोलली नाही मले."

काकांनी आदल्या दिवशी वस्तीतल्या दुकानावर फोन करून निरोप ठेवला होता. आम्ही पोचलो तेव्हा फुलमती दारातच बसली होती, वाकलेली, एकटी. "आला का कंडक्टर?" म्हणाली आणि रिकामा हंडा पुढं केला, मग माठ. काका कॅन ओतायला कण्हत वाकले. मी हात लावायला गेलो तर माझा हात झटकला. मी घरामागे गेलो. तिथं नळ होता. तोटी फिरवली, पाणी आलं. बाजूच्या पेरूचं आळं काठोकाठ भरलेलं, त्याच्या कडेवर हंड्याच्या बुडाचा ताजा गोल ठसा.

परतताना राहवलं नाही. "काका, तिच्याकडे नळ आलाय."

"मालूम हाय. तीन वर्सं झाले."

"मग?"

"मी येतो म्हनून हंडे रिकामे करते बिचारी. पानी नाही नेलं तं मी काय सांगून जाऊ तिच्या घरी? चहा करते, बस म्हन्ते, तब्बेत विचारते. दुसरं कोन विचारते मले?"

इतकी वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहतो. मला माझीच लाज वाटली. "दरवर्षी मी नेतो तुम्हाला," मी म्हटलं. "तुमच्या मुलाला मी सांगतो."

परतवाडा आलं तेव्हा काका म्हणाले, "पावसाळ्यातबी नेशीन?"

"नेईन की. पण तेव्हा तर वर पाणीच पाणी असतं."

"तेच तं," काका म्हणाले. "तवा काय घेऊन जावं, सांग बरं?"