उशी कोरडी राहिली पाहिजे

"ओल ही निसर्गाची चूक नाही, माणसाच्या अकलेची आहे," असं विल्फ्रेड ऑर्मरॉड यांनी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आपल्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, मधोमध उभं राहून जाहीर केलं. "ज्याला हवा कळली, त्याच्या छपराखाली पाण्याचा थेंब सापडणार नाही."

छताच्या खिडकीच्या कडेला बराच वेळ विचार करत बसलेला एक थेंब याच वेळी खाली आला आणि त्यांच्या चहात पडला. साहेबांनी कप थोडा डावीकडे सरकवला.

"हा कालचा आहे," ते म्हणाले.

"कालचा असो नाहीतर परवाचा," पलंगावर स्वेटरवर स्वेटर घालून बसलेल्या ईनिडबाई म्हणाल्या, "माझ्या उशीवर पडला की झालं. ठरलंय ना आपलं?"

ठरलं होतं खरं. गेल्या हिवाळ्यात ईनिडबाईंची उशी रात्रभर भिजत राहिली आणि त्यांचा डावा कान ईस्टरपर्यंत कुणाशी बोलायला तयार नव्हता. तेव्हापासून त्यांची धाकटी बहीण विनी दक्षिणेतल्या टॉर्कीहून फोन करून आपलं घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटर्सचं वर्णन ऐकवायची. शेवटी ईनिडबाईंनी नवऱ्यापुढे एक सरळ अट ठेवली होती. या सहलीत उशी कोरडी राहिली तर कॅरॅव्हॅन राहील. ओली झाली तर शेजारच्या जागेवरचे नॉरिस प्यू ती आपल्या जावयासाठी घेऊन जातील, आणि पुढचे सगळे हिवाळे टॉर्कीला, विनीकडे.

ऑर्मरॉडसाहेबांना या अटीची मुळीच धास्ती नव्हती. बोल्टनच्या बस डेपोत त्यांनी सारी हयात इन्स्पेक्टर म्हणून काढली होती, आणि त्यांच्या काळात भर थंडीतसुद्धा बसची वरची खिडकी बंद करण्याची कुणाची छाती झाली नव्हती. कॅरॅव्हॅनमध्येही त्यांचे नियम तसेच कडक होते. पातेल्यावर झाकण. ओले कोट दारापुढच्या तंबूत. खिडकी कायम बोटभर उघडी. छतातल्या आणि जमिनीतल्या हवेच्या जाळ्या काहीही झालं तरी झाकायच्या नाहीत. तळ्याकाठी भरणाऱ्या कॅरॅव्हॅनवाल्यांच्या हिवाळी मेळाव्यात दर वर्षी ते याच विषयावर बोलत, आणि लोक दर वर्षी टाळ्या वाजवून आपापल्या ओल्या गाड्यांत परत जात.

दुपारी नॉरिस प्यू दारात आले. बाहेर बर्फमिश्रित पाऊस आडवा पडत होता आणि त्यांच्या भुवयांवरून ठिबकत होता.

"विल्फ, हॉलचा हीटर गेलाय. आजचं भाषण रद्द करू या का?"

"रद्द कशाला? इथे घे सगळ्यांना," साहेब म्हणाले. "कोरड्या गाडीवरचं भाषण कोरड्या गाडीतच शोभतं."

"सगळ्यांना?" ईनिडबाईंनी विचारलं.

"येऊन येऊन येणार किती, ईनिड? या असल्या पावसात."

त्या असल्या पावसात सगळे आले. हॉलमध्ये थंडी होती, स्वतःच्या गाड्यांत ओल होती, आणि ऑर्मरॉडांकडे फुकटचा चहा होता. एरवी कोट ठेवायला दारापुढचा तंबू होता, पण आदल्या दिवशीच्या वाऱ्यात त्याचा एक खांब वाकला म्हणून साहेबांनी तो उतरवून ठेवला होता. पाहुणे दारात ठिबकत उभे राहिले. अशा वेळी बोल्टनचा कुठलाही सभ्य माणूस पाहुण्याला जे सांगतो, तेच साहेबांच्या तोंडून आपोआप गेलं.

"कोट तिकडे पलंगावर टाका. लाजू नका."

कुणी लाजलं नाही. एकेक कोट पलंगावर जाऊन पडला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. सर्वांत खाली, उजव्या अंगाला, ईनिडबाईंची उशी होती. बाई त्या दाटीवाटीत पाहुण्यांना कप वाटत होत्या, त्यामुळे त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"ओला कोट," साहेबांनी भाषणाला सुरुवात केली, "हा घरात घेतलेला साप आहे."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मागे कोटांच्या ढिगातून वाफ निघायला लागली होती.

थ्रेलफॉलबाई सर्वांत वयोवृद्ध म्हणून त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली होती. त्यांनी गळ्याचा स्कार्फ सावकाश घट्ट केला.

"थंडी वाजतेय का तुम्हाला?" साहेबांनी भाषण थांबवून विचारलं.

"छे, माझं काही नाही," थ्रेलफॉलबाई म्हणाल्या. "तुम्ही बोला. मला न्यूमोनिया एकदाच झालाय."

आता यावर सभ्य माणसाने काय करायचं? साहेबांनी बोलता बोलता खिडकी लावून घेतली. "फक्त तुम्हाला ऊब येईपर्यंत," ते म्हणाले, आणि खिडकी कधीच का लावू नये हा मुद्दा पुढे चालू केला.

थोड्या वेळाने थ्रेलफॉलबाईंनी वर पाहिलं. टोपी काढून पिशवीत ठेवली होती ती पुन्हा डोक्यावर घातली. साहेबांनी छताची खिडकी ओढून घेतली. मग बाई म्हणाल्या, की घोट्यांना जे काहीतरी गार गार लागतंय त्याकडे कुणी लक्ष देऊ नये, त्यांना आता या वयात सवय झाली आहे. ते गार म्हणजे जमिनीतल्या जाळीतून येणारी हवा होती. साहेब जरासे घुटमळले. पण थ्रेलफॉलबाईंचा मेजर नावाचा म्हातारा ओला कुत्रा साहेबांइतका सिद्धान्तवादी नव्हता. तो उठला, जाळीवर जाऊन पसरला आणि झोपला. पाहुण्यांच्या कुत्र्याला उठवणं काही बरं दिसलं नसतं.

"मेजर समजूतदार आहे," थ्रेलफॉलबाई म्हणाल्या. "चहा मिळेल का अजून थोडा?"

चहा तर मिळायलाच हवा होता. ईनिडबाईंनी किटली पुन्हा चढवली. एकाला दिला की दुसऱ्याला विचारावं लागतं, आणि विचारलं की तो नको म्हणत नाही. किटली शेगडीवरून खाली उतरलीच नाही.

"या काचेकडे बघा," साहेब रंगात येऊन म्हणाले. "हवा खेळती असेल तर काचेतून तळं स्वच्छ..."

सगळ्यांनी काचेकडे पाहिलं. काचेतून तळं दिसत नव्हतं. तळं काचेवर होतं.

"विल्फ," नॉरिस प्यू म्हणाले, "माझ्या मानेवर काहीतरी पडलं."

"प्रश्न शेवटी घेऊ, नॉरिस."

भाषण संपलं तेव्हा भिंतींना घाम फुटला होता आणि कपाटावरच्या टाचणवहीची पानं एकमेकांना चिकटली होती. टाळ्या झाल्या, त्याही ओलसर वाजल्या. पाहुणे आपापले कोट घेऊन गेले. सर्वांत खालचा कोट उचलला गेला आणि उशी दिसली.

ईनिडबाईंनी ती दोन्ही हातांनी दाबली. उशीने जे काही प्यायलं होतं त्यातलं थोडं परत दिलं.

साहेबांनी छताकडे बोट दाखवलं.

"छतातून एक थेंबही तिच्यावर पडलेला नाही," साहेब म्हणाले. "हे तू मान्य करशील."

"टॉर्कीला फोन करू का?"

"सहल संपलीये का? उद्या सकाळपर्यंत खडखडीत वाळेल. तू फक्त बघ."

त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, छत उघडलं, दार उघडलं आणि हीटर पूर्ण मोठा केला. योजना उत्तम होती. फक्त चहा करण्यात गॅस जवळजवळ संपला होता, आणि जो उरला होता तो संपताना हीटरने एक लहानसा उसासा टाकला.

तेवढ्यात नॉरिस प्यू बायकोचा निरोप घेऊन पुन्हा दारात आले. "डिलिसनं लीकच्या पातीचं सूप केलंय. येताय का?"

ईनिडबाईंनी उशी काखेत मारली आणि त्या निघाल्या.

"तू?" त्यांनी विचारलं.

"मी आपली गाडी वाळवून येतो," साहेब म्हणाले.

आणि गाडी वाळली, हे नमूद केलं पाहिजे. तळ्यावरचा वारा एका बाजूने शिरला आणि दुसऱ्या बाजूने ओल घेऊन बाहेर पडला. सांजावता सांजावता आत एक थेंब उरला नाही. आत बसणंही कुणाला शक्य नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा. साहेब कोट, टोपी, हातमोजे आणि गुडघ्यांवर टेबलक्लॉथ अशा अवस्थेत बराच वेळ विजयी मुद्रेने बसले. मग नाकाचं टोक आपलंच आहे ना याची खात्री करून ते उठले आणि शेजारी गेले.

प्यूंच्या गाडीत ऊब होती. भिंती कोरड्या होत्या. काचेतून तळं स्वच्छ दिसत होतं.

"ही तीच गाडी ना," ईनिडबाई म्हणाल्या, "जिच्या कोपऱ्यात गेल्या वर्षी आळंबी उगवली होती?"

"तीच," डिलिस म्हणाली. "आम्ही ती काढली. खाल्ली नाही."

"मी विशेष काही केलं नाही," नॉरिस म्हणाले. "भाषण ऐकलं, घरी आलो आणि विल्फ म्हणाला तसं केलं. भिंती पुसल्या, पातेल्यावर झाकण ठेवलं. कोट तंबूत, उशीसुद्धा तंबूतच, तिथल्या छोट्या हीटरपुढे. खिडकी बोटभर उघडी. आणि थ्रेलफॉलबाईंना बोलावलं नाही."

डिलिसने तंबूतून उशी आणून दिली. ईनिडबाईंनी ती दाबली, गालाला लावली, उलटी करून डाव्या कानालाही लावली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेब सर्वांत जास्त.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "अट म्हणजे अट. गाडी राहू दे."

"मग जावयाला काय सांगू मी?" नॉरिस म्हणाले.

"सांग की माझा नवरा बरोबर बोलतो," ईनिडबाई म्हणाल्या. "फक्त यापुढे त्यानं ते दुसऱ्याच्या गाडीत बोलावं."

ऑर्मरॉडसाहेब उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या तपश्चर्येला आज फळ आलं होतं, तेही साक्षीदारांसमक्ष. त्यांनी गळ्याचा स्कार्फ नीट केला, एक बोट वर केलं आणि घसा खाकरला. डिलिसने सूप ढवळणं थांबवलं. नॉरिसनी चमचा खाली ठेवला.

साहेबांनी एकदा पाठीमागच्या बोटभर उघड्या खिडकीकडे पाहिलं. मग स्कार्फ सावकाश घट्ट केला.

"माझं काही नाही रे, नॉरिस," ते म्हणाले, "पण तेवढी खिडकी लावतोस का जरा?"