साळिंदर सर राजधानीला जातात

एका जंगलात, बाळांनो, एक कॉलेज होतं. नाव नदीकाठ महाविद्यालय. तिथे काय शिकवतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण त्यांचा कबड्डीचा संघ सलग सात वर्षं जंगलात पहिला आला होता, म्हणून कुणी विचारतही नसे.

संघाला शिकवायचे गंगाराम साळिंदर. सगळे त्यांना साळिंदर सर म्हणत. तरुणपणी ते स्वतः चढाईला जायचे आणि एकाही सामन्यात त्यांना कुणी पकडलं नाही. पकडायला गेलेले सातही गडी दवाखान्यात भरती झाले, तेव्हा पंचांनी सरांच्या पाठीवरचे काटे नीट पाहिले आणि त्यांच्या खेळण्यावर कायमची बंदी घातली. मग सर शिकवायला लागले.

त्यांची पद्धत साधी होती. पहाटे पाचला टेकडीला तीन फेऱ्या. उशीर झाला तर आणखी तीन. कुणी कुरकुर केलीच, तर सर आवाज न चढवता म्हणत, "तुझ्या आईला सांगेन." एवढ्यावर त्यांच्या संघातले ससे वाघासारखे खेळत.

आता राजधानीत खऱ्या वाघांची लीग होती. व्यावसायिक. तिथल्या 'रणगर्जना' संघाचे मालक होते तरसशेठ. त्यांचा संघ दर वर्षी शेवटचा यायचा आणि तरसशेठ दर वर्षी हसायचे, कारण त्यांचा चेहराच तसा होता. एके दिवशी ते गव्यावर बसून नदीकाठी आले आणि सरांना म्हणाले, की सशांचे वाघ करता, तर आमच्या वाघांचंही काहीतरी करा.

सरांनी जावं की नाही, यावर पाणवठ्यावर आठवडाभर चर्चा चालली. हरणं म्हणाली, जावं. माकडं म्हणाली, आधी जावं आणि मग ठरवावं. म्हशी म्हणाल्या, आमचं काही मत नाही, आणि ते त्यांनी दोन तास समजावून सांगितलं. प्राचार्य कासव यांना सर जायला नको होते. सरांच्या बढतीचा अर्ज वर पाठवलाय, असं त्यांनी सांगितलं. अर्ज घेऊन ते स्वतःच निघाले होते.

सरांच्या मनात मात्र वेगळंच सलत होतं. कुणीतरी पाणवठ्यावर म्हणालं होतं, की पोरांना घेऊन कुणीही जिंकेल. हे ऐकल्यापासून सरांना जेवण जात नव्हतं.

त्यांची बायको सगुणाबाई सगळं ऐकून घेत होती. सर बांधाबांध करायला लागले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिथल्या खेळाडूंच्या आया कुठे राहतात, ते आधी विचारून घ्या."

सरांनी विचारलं नाही. ते गेले.

राजधानीत पहिल्या पहाटे पाचला मैदानावर एकटी मगर हजर होती. सरांना भरून आलं. नंतर कळलं, की ती आदल्या दुपारपासून तिथेच झोपली होती.

अकरा वाजता संघाचा मुख्य खेळाडू चंद्रसेन बिबट्या आला. त्याच्यासोबत एक अस्वल होतं, ते त्याची पाठ चोळायचं. दुसरं अस्वल पहिल्या अस्वलाची पाठ चोळायचं. सरांनी टेकडीला तीन फेऱ्या मारायला सांगितलं. बिबट्याने टेकडीकडे पाहिलं, मग अस्वलाकडे पाहिलं. अस्वल फेऱ्या मारायला निघालं.

सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईला सांगेन."

"सांगा ना सर," बिबट्या अदबीने म्हणाला. "माझे करार तीच बघते. पण आधी वेळ घ्यावी लागेल."

सर हट्टी होते. त्यांनी वेळ घेतली. पंधरा दिवसांनी मिळाली. बिबट्याच्या आईने सगळी तक्रार मान हलवत ऐकून घेतली, सरांना सरबत दिलं, आणि करारात एक कलम वाढवलं, की अकराच्या आधी माझ्या मुलाशी कुणी बोलायचं नाही.

मग सरांनी भाषण करून पाहिलं. सशांसमोर ते नेहमी सांगत, की आपल्या कॉलेजच्या नावासाठी खेळा. इथे त्यांनी सांगितलं, आपल्या संघाच्या नावासाठी खेळा. खेळाडूंनी माना डोलावल्या. मागून गेंड्याने विचारलं, की संघाचं नाव काय. बिचाऱ्याचा दोष नव्हता. तो गेल्या वर्षी समोरच्या संघात होता, त्याच्या आदल्या वर्षी आणखी तिसऱ्याच. पहिल्या सामन्यात तो सवयीने मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला आणि तिकडच्यांच्या रांगेत उभा राहून आपल्याच बिबट्याची सुंदर पकड केली. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. पकड खरंच सुंदर होती.

दुसऱ्या सामन्यापासून चढाईच्या मध्ये मधाची जाहिरात आली. चढाई करणारा कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्या अंगणात गेला, की धनेश पक्षी त्याला पंखाने थांबवायचा आणि मधाचे गुण वाचून दाखवायचा. तोवर दम सोडायचा नाही. यादी मोठी होती. पहिल्या दिवशी दोन वाघ निळे पडले. सर तरसशेठकडे तक्रार घेऊन गेले. तरसशेठ हसले आणि म्हणाले, की निळे वाघ बघायला गर्दी दुप्पट झाली आहे.

रणगर्जना सात सामने खेळली आणि सातही हरली. सातव्यानंतर तरसशेठनी सरांना बोलावलं, हसत हसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काटा टोचला म्हणून आणखी हसले, आणि आभार मानले. आपल्याला काढून टाकलंय हे सरांना कळायला दोन दिवस लागले.

सर मान खाली घालून नदीकाठी परतले. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं होतं, की कॉलेजचा संघ आपल्यावाचून पार रसातळाला गेला असणार. त्याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि थोडं बरंही वाटत होतं.

संघ आठव्यांदा पहिला आला होता.

मैदानाच्या खांबावर एक पोपट बसला होता. हाच नवा प्रशिक्षक. सरांची दोन-तीन वाक्यं त्याला पाठ होती आणि ती तो कशाच्याही आधी किंवा नंतर म्हणायचा. "आईला सांगेन," तो समोरच्या झाडाला सांगत होता. ससे टेकडीला फेऱ्या मारत होते.

संघाचा कर्णधार लखू ससा धावता धावता थांबला आणि सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला बाजूला घेतलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, की मी नसताना तुम्ही जिंकलात कसे.

लखूने बराच वेळ कान खाजवला.

"सर, राग मानू नका," तो म्हणाला. "आम्ही ससे आहोत. पहाटे आम्हाला जाग येतेच, आणि मागून कुणी ओरडलं की आम्ही पळतोच."

सर खांबावरच्या पोपटाकडे बघायला लागले.

"पण जिंकल्यावर आम्ही खांबाकडे बघतो," लखू म्हणाला, "तर पोपट भलतीकडेच बघत असतो. तुम्ही आमच्याकडे बघायचात."

त्याच आठवड्यात तरसशेठ गव्यावर बसून पुन्हा आले आणि पोपटाला राजधानीला घेऊन गेले. कॉलेजची जागा रिकामी झाली. सशांनी सरांच्या घरी येऊन विनवणी केली. सर हो म्हणणारच होते, तेवढ्यात टपाल आलं. डोंगरापलीकडच्या 'डरकाळी' संघाचं पत्र होतं. व्यावसायिक लीगचा अनुभव असलेला प्रशिक्षक हवा, आणि तुमच्याइतका अनुभव कुणालाच नाही, असं त्यात लिहिलं होतं.

सरांनी पत्र तीनदा वाचलं. मग बायकोकडे पाहिलं.

"इथे तुमच्यावाचून काही अडत नाही, तरी पोरांना तुम्ही हवे आहात," सगुणाबाई म्हणाली. "तिथे सगळंच अडलंय, आणि तुम्ही कुणालाच नको असाल. बघा बाई तुमचं तुम्ही."

सर दुसऱ्याच दिवशी निघाले. वेशीपर्यंत ससे त्यांच्यासोबत धावले. सरांनी मागे वळून काही सांगायचं ठरवलं होतं, पण मागे कुणीच नव्हतं. सगळे पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभे होते.

तात्पर्य: यशस्वी गुरूने वरच्या जागी जरूर जावं. गेल्याशिवाय ते यश कुणाचं होतं हे कळत नाही, आणि एकदा कळलं की परत येऊन जुन्या जागी राहवत नाही.