बाळाजी पाष्टे यांची मिशी बँकेस अर्पण जाहली ते प्रकरण

श्रीग्रामदेवी प्रसन्न. ऐकणारांनी तोंडातले पान थुंकून, मोबाइल उपडा ठेवून, सावध बसावे. मौजे मिरजोळ्यापलीकडील खालची वाडी, तालुके रत्नागिरी, येथील राजमान्य राजेश्री बाळाजी पाष्टे यांनी बँकेशी जो प्रसंग केला आणि त्यात मिशी खर्ची घातली, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. कोणी म्हणेल, इतक्याशा गोष्टीची बखर कशास? तर त्याने आधी चौथ्या शनिवारी पैसे भरून दाखवावे.

बाळाजी हे वाडीच्या नमन मंडळाचे खजिनदार आणि त्याच मंडळाची मावशी. गवळणींपुढे ठुमकत येणाऱ्या मावशीचे सोंग उभा जन्म त्यांचेकडेच. नथ घालावी, पावडर थापावी, पदर डोईवर घ्यावा आणि लोकांनी पोट धरून हसावे. परंतु त्यांचे मनी एक शल्य होते की, वगातल्या राजाची गादी आपणांस कधी लाभली नाही. यंदा शिमगा सरला आणि मंडळाचे म्होरके बाबूराव यांनी हुकूम फर्माविला की, चिपळूणचे स्पर्धेत राजा बाळाजींनीच व्हावे. ते ऐकून बाळाजींचे डोळे भरून आले. मग त्यांनी त्याच दिवशी वस्तरा खुंटीस टांगिला आणि मिशी राखिली, आणि तीस खोबरेल लावावे आणि येता-जाता आरसा पाहावा, ऐसा नेम धरिला. त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब म्हणाल्या, "त्या मिशीचा नाव आता रेशनकार्डात घाला."

स्पर्धेचा प्रवेश ऑनलाइन, पैसे मंडळाचे खात्यातूनच, आणि सायंकाळी सहाला दरवाजा बंद. बाळाजींनी भिजत घोंगडे ठेवून नेमका शेवटला दिवस गाठिला. त्या दिवशी चौथा शनिवार, बँकेस सुट्टी. तरी त्यांस फिकीर नव्हती. पूर्वीचा रिवाज ऐसा की, रेंज मिळते त्या सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळपठारावर, चढावे, आणि मग मेसेज नामे जासूद ओटीपी घेऊन येई, आणि बाळाजी तो खड्या आवाजात वाचीत, आणि गुरे राखणारांसही तो पाठ होई, आणि काम फत्ते होई. परंतु बँकेने फर्मान काढिले होते की, हा जासूद वाटेत फितूर होतो, चोर त्यास लुटितात, सबब त्यास बडतर्फ केले असे. यापुढे बँकेचे अ‍ॅप स्वतः विचारील आणि खातेदाराने आपला अंगठा अथवा चेहरा दाखवून होकार द्यावा. फर्मान शहाणपणाचे होते, हे आम्हीही कबूल करतो. आमचे भांडण शहाणपणाशीच आहे.

मग बाळाजी, सगुणाबाई आणि बाबूराव ऐसे सड्यावर कूच करते जाहले. कातळ तव्यासारखा तापलेला, सावलीस एक झुडूप नाही. अ‍ॅपने अंगठा मागितला. आता ओले काजू सोलून सोलून, सालीच्या तेलाने बाळाजींचे अंगठ्याची कातडी गेलेली. ठसा जुळेल कोठून? लुंगीस पुसून पाहिला, थुंकी लावून पाहिला, अ‍ॅप बधेना. मग चेहरा दाखविला, तर अ‍ॅपने साफ कळविले की, हा इसम आम्हांस ठाऊक नाही.

"अरे मेल्या, जलमापासनं ह्याच तोंडानं फिरतोय मी!" ऐसे बाळाजी फोनावर गरजले.

तेव्हा चिरंजीव विनोदराव, मुक्काम मुंबई, यांस फोन लाविला. कारण शिमग्यास गावी आले असता अ‍ॅप त्यांनीच घातले होते. विनोदराव चाचरत वदले, "बाबा, तुम्ही एरवी एका जागी बसता कुठे? रंगायला बसला होतात, तेव्हाच चेहरा घेतला मी."

म्हणजे बँकेचे दप्तरी बाळाजी नव्हतेच. तेथे नथवाली, पावडर फासलेली, बिनमिशीची मावशी खातेदार म्हणून विराजमान होती. बाबूराव हसता हसता कातळावर बसले आणि चटका बसताच ओरडून उठले.

सगुणाबाईंनी वेळ दवडिला नाही. त्या घरी धावल्या आणि नथ, पावडर, लुगडे आणि न सांगता वस्तराही घेऊन आल्या. आधी पदराने मिशी झाकून पाहिली, अ‍ॅपने नाकारिले. मिशीवर पावडर थापून पाहिली, तरी नाकारिले. सहाचा सुमार जवळ येऊ लागला. राजा होण्यास स्पर्धा पाहिजे, स्पर्धेस मावशी पाहिजे, आणि मावशीस मिशी चालत नाही, ऐसा पेच पडला. बाळाजींनी मिशीवर हात ठेविला.

"राजा व्हायचं होतं गं मला," ते म्हणाले.

"मिशी परत येल वो. सहा वाजून गेले, तर ते परत यायचे नाय," सगुणाबाई म्हणाल्या, आणि बाटलीतले पाणी ओठावर मारून वस्तरा त्यांनीच चालविला. बाळाजींनी डोळे मिटून घेतले. मग नथ चढली, पदर सावरला, आणि फोनापुढे मावशी लाजून उभी राहिली. अ‍ॅप तात्काळ म्हणाले, ओळख पटली. पैसे गेले, प्रवेश कायम जाहला.

खाली उतरताना बाबूराव खाकरले आणि बोलले की, बिनमिशीचा राजा शोभत नाही, तेव्हा यंदाही मावशीच... त्यांस सगुणाबाईंनी पुरते बोलू दिले नाही. त्यांनी काथ्या पिंजला, काजळीत घोळविला आणि मिशी वळली. चिपळुणात भर दरबारात घामाने ती एका अंगास लोंबू लागली, तेव्हा बाळाजींनी बोटाने दाबून धरीत तीस ऐसा पीळ भरिला की, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

परत येऊन बाळाजी चेहरा बदलण्यास बँकेत गेले. तेथील अंमलदार शुभंकरराव यांनी अदबीने हुकूम सांगितला की, नवा चेहरा घालणे तर आधी जुन्या चेहऱ्याने होकार द्यावा. भरल्या बँकेत नथ घालण्याची बाळाजींची छाती जाहली नाही. ते तसेच घरी आले.

सबब ही फत्ते दप्तरी नोंदिली असे. राज्य मिळाले, बँक बचावली, मिशी पुन्हा उगवली नाही. उगवू दिली नाही. आणि मंडळाचे वीजबिल आले की चिपळूण गाजविलेला राजा आजही नथ घालून सड्यावर चढतो, आणि सगुणाबाई त्याचा पदर नीट करतात.